फुकटची पट्टी

आबांनी माझा उजवा पाय परातीत घेतला, तेव्हाच मला वाटलं, हा पाय परत मिळेल की नाही सांगता येत नाही. ज्या हातांनी त्यांनी तरुणपणी अर्ध्या जिल्ह्यातल्या पैलवानांचे घोटे पिरगाळले होते, त्याच हातांनी ते माझा घोटा धूत होते. आणि हातांना जुनी सवय असणार, कारण धुता धुता घोटा मध्येच एका बाजूला वळत होता. मी पाटावर बसून देवासारखं हसायचा प्रयत्न करत होतो.

अधिक महिना होता. लग्नानंतरचा माझा पहिलाच. या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. महिना संपला की तो पुन्हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक होतो. आम्ही नाशिकचे. आमच्याकडे विष्णूला एका पुरणपोळीवर आणि टॉवेलवर भागवतात. पण माझी सासुरवाडी कोल्हापूरची, आणि सासरे दौलतराव इंगवले, म्हणजे सगळ्या पेठेचे आबा, तालमीचे वस्ताद. त्यांचं आदरातिथ्यसुद्धा अंगावर यायचं.

"पाव्हणं," माझ्या पाठीमागून आवाज आला, "तुमच्या त्या कम्प्युटरवर ही तबकडी चालंल काय वो?"

घोट्यावरची पकड एकदम आवळली.

"हौसा," आबा मान वर न करता म्हणाले, "धोंड्याच्या म्हैन्यात जावयाला काम सांगतीस? लाज हाय का न्हाई?"

"काम कुठं सांगितलं? इचारलं."

हौसा आत्ती ही आबांची धाकटी बहीण. दोन घरं सोडून राहायच्या. सत्तरीला टेकल्या होत्या, पण कुठेच टेकून बसायच्या नाहीत. त्यांचे यजमान एसटीतून निवृत्त झाल्यापासून दोघांच्या वाटणीचं बसून घेत होते. आत्तींच्या हातात निळ्या प्लास्टिकची चपटी डबी होती. डबीवर घागर घेतलेली नायिका, मागे शेंदूर फासलेला म्हसोबा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत सिनेमाचं नाव : 'शपथ तुला म्हसोबाची'.

पंगतीत हसू पसरलं. सगळ्यांना कळलं, मला सोडून.

पाय पुसून मी पानावर बसलो, तेव्हा बायकोनं, म्हणजे उर्मिलेनं, वाढता वाढता कानात सांगितलं. हा सिनेमा कोल्हापुरातच, पंचगंगेच्या काठाला तयार झाला होता, आत्ती अठरा वर्षांच्या होत्या तेव्हा. पाणवठ्याच्या प्रसंगात नायिकेच्या मागून घागरी घेऊन जाणाऱ्या बायकांत आपण होतो, असं आत्ती तेव्हापासून सांगत आल्या होत्या, आणि तेव्हापासून घरात कोणीही त्यावर विश्वास ठेवलेला नव्हता. सिनेमा आठवडाभर चालून पडला. पुढे एकदा टीव्हीवर लागला, तेव्हा पाणवठ्यावर बायका आहेत की म्हशी, इतकंही ओळखू येत नव्हतं. आबा सुरुवातीपासून ठाम होते : "थापा मारती. इंगवल्याची पोरगी शिनेमात? माझ्या देखत?"

मग त्या घरात 'आत्तीचा सिनेमा' हा शब्दच तयार झाला. कुणी कशावर विश्वास ठेवू नये असं वाटलं की तो वापरत. माझा मेव्हणा अभय बारावीला नापास झाला आणि फेरतपासणीत मार्क वाढतील म्हणाला, तेव्हा आबा म्हणाले, आत्तीचा सिनेमा. एकदा आत्तींनी न्हाणीत नाग आहे म्हणून ओरडून सांगितलं, तर पंगतीवरून एकही माणूस उठला नाही. नाग होता.

आता त्या निर्मात्याच्या कॅनडातल्या नातवाला आजोबांच्या सिनेमाची मूळ फिल्म सापडली होती. त्यानं ती पुसून, घासून, लख्ख करून ब्लू-रेच्या तबकडीवर उतरवली होती. शेजारच्या शिंत्र्यांची लेक टोरांटोहून येताना ती आत्तींसाठी घेऊन आली होती.

"केसन् केस दिसतोय म्हनं," आत्ती म्हणाल्या. "नाकातली चमकी सुदिक. आता बघू की कोण थापा मारतंय ते."

"जावईबापू जेवायला आल्यात," आबा म्हणाले. "काम न्हाई सांगायचं. रीत म्हंजे रीत."

एरवी आबांना रीतीचं इतकं वावडं होतं की स्वतःच्या लग्नात ते हळद अंगाला लावायच्याऐवजी दुधातून प्याले होते. त्या दिवशी मात्र त्यांना रीत सोडवेना. मला वाटलं, माझा मान ठेवतायत. मी मनातल्या मनात थोडा फुगलोसुद्धा.

पण आत्तीही इंगवल्यांच्याच घरात वाढलेल्या. त्या तूप वाढायच्या निमित्तानं माझ्याजवळ वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाल्या, "पाव्हणं, आमच्या घरात अजून एक रीत हाय. धोंड्याच्या जेवणाला जावई पाटावरनं उठायच्या आत जे मागंल, ते सासऱ्यानं द्यायचं. न्हाई म्हणायचं न्हाई. आमच्या आज्ज्यानं दुभती म्हैस दिल्ती."

आबांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. खिशात अंगठीची डबी आहे, हे उर्मिलेनं मला आदल्या दिवशीच फोडून सांगितलं होतं. आबांना वाटलं, जावई मोटारसायकल मागतोय की काय.

"मागा, जावईबापू," ते छाती काढून म्हणाले. "लाजू नका."

मी पाचवा धोंडा संपवत आणला होता. पुरण भरलेला, वर तुपाची धार. पाचव्यानंतर माणूस विचार करण्याच्या स्थितीत राहत नाही. मी म्हणालो, "मला आत्तींचा सिनेमा बघायचाय. सगळ्यांबरोबर. आजच."

आबांच्या चेहऱ्यावर आधी सुटल्याचा भाव आला. मग तो गेला, आणि त्यामागोमाग चेहऱ्यावरचा रंगही.

*

माझा लॅपटॉप ब्लू-रेवाला होता. पुण्याच्या दुकानदारानं "सर, पुढची दहा वर्षं आता हेच" असं सांगून तो माझ्या गळ्यात मारला होता. दोन वर्षांत मी त्यात तबकडी म्हणून एकच घातली होती, तीही लग्नाच्या फोटोंची. त्यामुळे बाहेरच्या सोप्यात सगळ्यांसमोर मी 'शपथ तुला म्हसोबाची' आत सरकवली, तेव्हा माझा आत्मविश्वास पूर्ण होता. लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि पडद्यावर इंग्रजीत म्हणाला की ही तबकडी बघायची तर त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागेल, ते तुमच्याकडे नाही.

"म्हंजे दाजी," अभय म्हणाला, "म्हैस इकली आन् सड वेगळं ठेवलं?"

"तसंच काहीसं."

"मग घ्या की इकत."

"छे," मी म्हणालो. "असली सॉफ्टवेअर फुकट मिळतात."

यावर आबा पलंगावरून म्हणाले, "फुकटचं काय बी बरं नसतंय, जावईबापू."

स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य आपल्या नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं, ते पुन्हा एकदा ऐकायला मिळतं का हे त्यांना बघायचं होतं. आबांनी आयुष्यात कुठल्याही कुस्तीच्या मैदानाचं तिकीट काढलं नव्हतं, कुठल्याही न्हाव्याला पैसे दिले नव्हते, आणि पेठेतला रसवंतीवाला त्यांना लांबून बघून गुऱ्हाळ बंद करायचा.

मी इंटरनेटचं डोंगल खिडकीत ठेवलं आणि शोधायला बसलो.

फुकट सॉफ्टवेअरच्या पानावर पाच हिरवी बटणं होती. प्रत्येकावर लिहिलेलं, इथे दाबा. मी सगळ्यात मोठं दाबलं. लॅपटॉपमध्ये एक कार्यक्रम शिरला, त्यानं दोन मिनिटं तपासलं आणि माझ्या मशीनला शेकड्यांनी आजार असल्याचं लाल अक्षरांत जाहीर केलं. शेजारी डॉक्टरचं चित्र होतं.

"गळ्यात ते नळी घातलेलं कोण हाय?" आत्तींनी विचारलं.

"डॉक्टर."

"शिनेमात डाक्टर नव्हता."

दुसरं बटण दाबलं तेव्हा वरच्या कडेला हवामान दाखवणारी पट्टी आली. तिच्या मते कोल्हापुरात बर्फ पडत होता. तिसऱ्यानं माझं इंटरनेट उघडण्याचं पानच बदललं. नवं पान तुर्की भाषेत होतं आणि त्यावर सोफासेटची जाहिरात होती. चौथ्यातून खरोखरच सिनेमे दाखवणारं एक सॉफ्टवेअर निघालं. जगातला कुठलाही सिनेमा चालवतो, अशी त्याची ख्याती होती. आमची तबकडी बघून ते म्हणालं की हिला कुलूप आहे आणि किल्ली तुमची तुम्ही शोधून आणा.

"शिनेमाला कुलूप?" अभय म्हणाला. "आत्तीला आत कोंडलंय म्हंजे."

आत्ती हसल्या नाहीत. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, दवाखान्यात आपला नंबर कधी येतो बघणाऱ्या माणसासारख्या. "असू द्या, पाव्हणं," त्या म्हणाल्या. "चालत नसंल तर सोडा. आमच्या नशिबालाच न्हाई." आणि लगेच, "अजून एक बटण राहिलंय की त्ये?"

त्या दुपारी आबांनी मला फार जपलं. दर दहा मिनिटांनी ताक आणलं. मशीनवर डोळे लावून जावयाची नजर गेली तर लोक काय म्हणतील, असं म्हणून ते लॅपटॉप मिटायला स्वतः उठले. तालीम बघून या म्हणाले. लाल मातीला हळद-तूप कसं घालतात ते दाखवतो म्हणाले. मध्येच सगळी लाइट गेली. अभय बाहेर जाऊन बघून आला तर व्हरांड्यातला मुख्य खटका खाली पडला होता, आणि आबा त्याच्याखाली हात मागे बांधून आकाशाकडे बघत उभे होते.

"पाऊस येतोय काय बघत हुतो," ते म्हणाले.

लाइट आली तर इंटरनेट गेलं. डोंगल सापडेना. शेवटी आबांना पलंगावरून उठायला लावलं, तेव्हा ते त्यांच्याखाली निघालं. नव्वद किलोच्या वस्तादाखाली राहूनही ते चालू होतं. माझ्या मते त्या कंपनीनं याची जाहिरात करायला हवी होती.

पाचवं बटण सगळ्यात लहान होतं. ते खरं निघालं. म्हसोबाच्या देवळाची घंटा वाजली, पडदा उजळला, आणि इतकं स्वच्छ चित्र आलं की देवळाच्या पायरीवरच्या मुंग्या मोजाव्यात. फक्त पडद्याच्या बरोबर मधोमध तळहाताएवढी रुंद पिवळी पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं की ही मोफत प्रत आहे, पट्टी नको असेल तर पैसे भरा.

"मधीच काय हे?" आत्तींनी विचारलं.

"फुकटची खूण," मी म्हणालो. माउसनं ओढली की पट्टी सरकत होती; वर, खाली, हवी तिथे. "एका कोपऱ्यात नेऊन ठेवतो."

आत्ती उठल्या. "मी लुगडं बदलून येतो," त्या म्हणाल्या. "आन् शिंत्र्यांस्नी सांगतो. आन् तालमीतल्या पोरांस्नी बी सांग रं अभ्या. समदी येऊ द्यात." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "पाव्हणं, मी येईस्तवर पाणवठा लावू नगा हां."

अभय टीव्हीला जोडायची तार आणायला गेला. उर्मिला आणि सासूबाई चहाला आत गेल्या. खोलीत मी आणि आबा उरलो.

मी पाणवठा लावला. माणसानं असं करू नये. पण गावभर माणसं गोळा करायची आणि प्रसंगात आत्ती नाहीतच असं निघायचं, याची मला धास्ती वाटत होती.

आत्ती होत्या. नायिकेच्या मागे तिसऱ्या. एक वेणी, कमरेवर घागर, नाकात चमकी. त्या चालता चालता सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसल्या, बहुधा बघू नको असं सांगितलं होतं म्हणूनच. आणि त्यांच्या मागे चौथी एक बाई चालत होती. चांगली दांडगी. नऊवारी पोटरीपर्यंत आलेली. घागर तिनं कमरेवर न घेता गदेसारखी खांद्याजवळ धरली होती. वाऱ्यानं तिचा पदर मागे सरकला आणि कान दिसला. कुस्तीत चेंगरून फुटलेला, सुकलेल्या अंजिरासारखा कान.

मी चित्र थांबवलं. मग पलंगाकडे बघितलं. तोच कान.

आबांच्या घरात त्यांच्या मिशीची एक कथा होती, ती मला साखरपुड्यातच ऐकवली होती : या मिशीला जन्मात एकदाच वस्तरा लागला, थोरले चुलते वारले तेव्हा. चित्रातल्या बाईला मिशी नव्हती.

"चुलतं गेल्तं तवा," आबा म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं.

"आबा..."

"फुडं घ्या."

मी पुढे घेतलं. पुढे ती बाई घसरली, घागर फुटली, आणि ती तुकडे गोळा करायला वाकली. चेहरा आणखीच स्पष्ट दिसला. मी पुन्हा थांबवलं.

आबांनी स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं. "जावईबापू," ते म्हणाले, "ह्या तालमीत मी पन्नास वर्सं पोरांस्नी सांगतोय, मर्दासारकं ऱ्हावा. उद्यापासनं ती पोरं मला काय म्हणतील, सांगा."

ती पोरं काय म्हणतील हे मला सांगता आलं असतं, पण समोर विष्णूचा सासरा होता. मी म्हणालो, "तबकडी अडकली म्हणून सांगतो. फुकटचं सॉफ्टवेअर, बंद पडलं. कुणाला शंका येणार नाही."

बाहेर शिंत्र्यांच्या गॅलरीत आत्तींचा आवाज ऐकू येत होता : "आवो चला की! टीव्हीवर हाय, मोफत हाय!"

"न्हाई," आबा म्हणाले. "लावा. तिला थापाडी म्हणून म्हणून माजं तोंड वाळलं. तिला दिसू द्या." मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं, जरा लाजत. "पर ती पिवळी... सरकती न्हवं?"

*

संध्याकाळी पाचला सोपा भरला. शिंत्रे सहकुटुंब आले. तालमीतले आठ-दहा पैलवान आले. त्यांच्यामुळे मागच्यांना दिसेना म्हणून त्यांना जमिनीवर बसवलं, तरी दिसेना. आत्तींचे यजमान स्वतःच्या पायांनी चालत आले आणि आल्या आल्या बसले. आत्ती हिरवं लुगडं नेसून पहिल्या खुर्चीत, आबा सगळ्यांच्या मागे दाराजवळ, पळायची वेळ आली तर वाट मोकळी असावी तसे. मी लॅपटॉपपाशी, उजवा हात माउसवर.

पाणवठा आला. नायिका आली. दोघी गेल्या. मग आत्ती आल्या आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या.

मग सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई. वन्सं!" आणि घर उठलं. पैलवानांनी शिट्ट्या मारल्या. शिंत्रे काकू रडायला लागल्या. त्या बातम्या बघूनही रडत. आत्तींचे यजमान पुढे वाकून म्हणाले, "तू हुतीस व्हय खरंच?" आणि आत्ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "तवापास्नं काय सांगतोय मग?"

एवढ्यात चौथी आली. मी पट्टी तिच्या तोंडावर धरली.

पण ती चालत होती. ती चालली तसा मी चाललो. ती नदीकडे वळली तशी पट्टी वळली. माझ्या तळहाताला घाम सुटला आणि माउस निसटायला लागला. एकदा हनुवटी बाहेर आली. मी पट्टी खाली ओढली तर कपाळ बाहेर आलं.

"दाजी, ती पट्टी हालाय लागली," अभय म्हणाला.

"मोफत प्रतीत हलते."

"कुणाची हाय ही बाई?" एक पैलवान म्हणाला. "पोटऱ्या बघा राव. हिला उभी ऱ्हायला लावली तर आपला पांड्या चितपट."

"दंड बघ की! वस्ताद, ही कुठल्या तालमीची म्हनायची?"

वस्ताद दाराजवळ खोकत होते.

बाई घसरली. घागर फुटली. ती वाकली, तशी मी पट्टीही वाकवली.

"पट्टी खाली बसली!" शिंत्र्यांचा नातू ओरडला.

"दाजी, किती पैसं लागत्यात पट्टी काढायला?" अभयनं खिशातून कार्ड काढलं. "मी भरतो. आत्तीच्या शिनेमाला असलं फुकटचं नगं. हिचं तोंड बघू तरी."

"काय बी भरायचं न्हाई!" दारातून अशी गर्जना आली की खिडकीतलं डोंगल पडलं. "फुकटचंच बरं हाय! फुकटात काय वाईट हाय? आँ?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. नवरा पूर्ववत झाला होता.

"पर आत्ती," तो पोटऱ्यावाला पैलवान म्हणाला, "तुमच्या म्होरं-मागं चालतीया म्हंजे तुमाला म्हाईत असंल. कोण वो ही?"

सगळे आत्तींकडे वळले. आत्ती वळल्या त्या आबांकडे. उभ्या आयुष्यात त्यांना थापाडी ठरवणारा माणूस दाराला पाठ लावून उभा होता, आणि एका शब्दात त्याची तालीम, मिशी, चुलते, सगळं जाणार होतं. आत्तींनी त्यांना पुरतं न्याहाळून घेतलं. मग माझ्या हाताखालच्या माउसकडे बघितलं.

"ही व्हय?" त्या म्हणाल्या. "गंगू म्हणून हुती एक. लई लाजाळू. घागर धराय येत नव्हती, चालाय येत नव्हतं. फुटली बघा शेवटी. डायरेक्टरनं लई शिव्या घातल्या बिचारीला." पदरानं त्यांनी डोळ्यांच्या कडा टिपल्या, हसून की कशानं, कळलं नाही. "फुडं कुणालाच दिसली न्हाई."

दाराजवळून आबांचा आवाज आला. एरवी त्या आवाजानं पाखरं उडायची, पण आत्ता तो पहिल्या खुर्चीपर्यंत जेमतेम पोचला.

"हौसा खरं बोलत हुती," ते म्हणाले. "समद्यांनी ऐका. माजंच चुकलं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना आत्ती आल्या. आबा आंघोळ करून ओट्यावर बसले होते. आत्तींनी त्यांना हाताला धरून आत आणलं, दार लोटलं, आणि मला म्हणाल्या, "पाव्हणं, आता पट्टी खाली सारा. तळाला. आन् लावा."

"हौसा, कशाला..."

"गप बस, गंगे."

मी पट्टी तळाशी नेली आणि पाणवठा लावला. दोघं पलंगावर शेजारी बसले. आत्ती आल्या, हसल्या. गंगू आली. आबांनी आधी मान फिरवली, मग एक डोळा वळवला, मग दुसरा.

"मला शिनेमात जायाचंच हुतं," आत्ती मला सांगत होत्या, डोळे पडद्यावरच. "दोन दिवस जेवलो नव्हतो. आमचं वडील म्हनालं, तंगडी मोडीन. ह्यो दादा म्हनाला, मी बरुबर येतो, कुणाला सांगू नगंस. तिथं गेलो तर ती माणसं म्हणाली, पाणवठ्यावर गडीमाणूस चालायचा न्हाई, भाईर ऱ्हावा. हा म्हणाला, भनीला एकटी सोडणार न्हाई. त्यास्नी बी एक बाई कमीच हुती. मग तिथंच बसून मिशी काढली ह्यानं."

"चुलतं..." आबा म्हणाले.

"चुलतं त्यानंतर धा वर्सं जगलं, दादा. तुज्या लग्नात नाचलं."

गंगू घसरली. घागर फुटली.

"तुजा पाय आला मधी," आबा म्हणाले.

"माजा? तूच बघत नव्हतास. कोण बघतंय हौसाकडं, त्येच बघत हुतास समदा येळ."

"मग? त्यो लाल फेट्यावाला बघत न्हवता?"

"कुठला?"

"परत लावा, जावईबापू. दाखवतो हिला."

मी परत लावलं. मग लाल फेटा सापडला आणि वाद वाढला म्हणून परत लावलं. चौथ्यांदा आबांनी माउस स्वतःच्या हातात घेतला. आमची गाडी साडेदहाची होती. उर्मिला दोनदा डोकावून गेली. शेवटी मी लॅपटॉप तिथेच ठेवला, पुढच्या खेपेला नेईन म्हणून, आणि बॅग उचलली. आबा दारापर्यंत आले आणि त्यांनी माझ्या बोटात अंगठी चढवली. बोट थोडं पिरगाळलं गेलं. रीतीप्रमाणे जावयाला मागितलेलं एकच मिळतं. मला दोन गोष्टी मिळाल्या.

पंधरा-वीस दिवसांनी, मी पेपर तपासत असताना, आबांचा फोन आला. मागे टीव्हीवर म्हसोबाच्या देवळाची घंटा वाजत होती आणि आत्ती कुणाशी तरी भांडत होत्या.

"जावईबापू," आबा आवाज बारीक करून म्हणाले, "त्ये सॉफ्टवेअर... इकत घ्यायचं कसं वो?"

"का आबा? बंद पडलं?"

"न्हाई, चालतंय. पर ती पट्टी तळाला ऱ्हाती न्हवं, तितं माजं पाय येत्यात." त्यांनी आवाज आणखी बारीक केला. "पायात पैंजण हुतं. हौसानं सोताचं काढून घातल्तं. त्ये दिसत न्हाई."